घरात तीन कुत्री आहेत. चौथी आणावी का?

मृण्मयी_तळेगाव

नमस्कार मंडळी. निर्णय आमचाच असला, तरी या वाटेने आधी गेलेल्यांचे अनुभव ऐकल्याशिवाय तो घ्यावा असे वाटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्याकडे सध्या तीन कुत्री आहेत. शेरी ही ११ वर्षांची लॅब्रेडोर असून तिचे मागचे पाय दुखतात आणि जिना चढणे तिने सोडून दिले आहे. ढमी ही ६ वर्षांची गावठी कुत्री हुशार आहे, पण तितकीच हक्क गाजवणारी आहे. व्हरांड्यातला झोपाळा, सासूबाईंच्या खोलीचा उंबरठा आणि स्वतःची थाळी या तीन ठिकाणी तिचेच राज्य चालते. बुंदी हा ३ वर्षांचा गावठी कुत्रा असून त्याचे जगात कोणाशीच भांडण नाही. तिघांचीही नसबंदी झालेली आहे आणि लसी वेळच्या वेळी दिल्या जातात. घर म्हणजे तळेगावातले दुमजली रो-हाऊस, पुढे लहानसे अंगण आणि मागे धुण्याची जागा. माणसे चार: आम्ही दोघे, दहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या, काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई.

आमच्या गल्लीच्या टोकाला इमारतीचे काम चालू होते. तिथल्या वॉचमनच्या कुटुंबाने लाली नावाची एक कुत्री सांभाळली होती. ती अंदाजे आठ-नऊ महिन्यांची असावी. आता ते कुटुंब चाकणच्या साइटवर जात आहे आणि तिथे कुत्री नेण्याची परवानगी नाही. लाली आम्हाला ओळखते, मुलाच्या मागे फाटकापर्यंत येते आणि फाटकाबाहेर बसून राहते. मुलगा आणि नवरा तिला आणण्याच्या बाजूचे आहेत. सासूबाई म्हणाल्या, 'आणखी एक पान वाढले, तर मला काय?' माझे मन मात्र ठरत नाही. तिनांवरून चारवर गेलेल्यांनी काय पाहून ठरवले, आणि ज्यांनी नाही म्हटले त्यांनी कशामुळे म्हटले, हे सविस्तर लिहाल का?

खडूस_काका

तीन कुत्री सांभाळणारी व्यक्ती चौथीविषयी सल्ला विचारते, तेव्हा निर्णय झालेला असून केवळ सूचक आणि अनुमोदक हवे आहेत, असे समजण्याची प्रथा आहे. सूचक म्हणून तुमचे चिरंजीव आहेतच. अनुमोदकाच्या जागी माझे नाव घालू नये, ही विनंती.

सावली

काका, तुमच्याकडे दोन मांजरे कशी आली, त्याची हकीकत याच मंचावर आहे, त्यामुळे तुमच्या विरोधाला किती वजन द्यायचे ते आम्ही ठरवू.

मृण्मयीताई, मी कोल्हापूरची असून आमच्याकडे पाच कुत्री आहेत, तेव्हा मी अर्थातच 'आणा' म्हणणाऱ्यांत आहे. मात्र एक सांगते. स्वयंपाक वाढत नाही, कारण भात आणि चिकनचे एक पातेले होते तिथे मोठे पातेले चढते, एवढाच काय तो फरक. जो वाढतो तो वेळ, आणि तोही फिरवण्याचा नव्हे, तर एकेकट्याला देण्याचा. आमच्या पाचांपैकी सर्वांत शांत कुत्रा आजारी आहे हे आम्हाला उशिरा कळले असते, जर रात्री प्रत्येकाच्या अंगावरून, कानांतून आणि पंजांच्या बोटांमधून हात फिरवण्याची आमची सवय नसती. पावसाळ्यात गोचीड नेमकी तिथेच दडते. हा वेळ चौघांसाठी रोज निघणार असेल, तर लालीला आणावे. निघणार नसेल, तर ज्याला सर्वांत कमी मागणी करता येते त्याच्या वाट्याचा वेळ जाईल, आणि तुमच्या घरात तो बुंदीचा असेल, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

हिशेबनीस

खर्चाचे बोलायला कोणी पुढे येत नाही, म्हणून मी येतो. २० किलो वजनाचे प्रौढ कुत्रे कोरडे खाद्य दिवसाला साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम खाते. लॅब्रेडोर त्याहून थोडे अधिक. म्हणजे चौघांना महिन्याला तीस-पस्तीस किलो धरावे. घरचे अन्न दिले तर आकडा बदलेल, पण तो कागदावर मांडता तरी येईल. जो मांडता येत नाही तो आजारपणाचा खर्च आहे, आणि चार कुत्री एकाच अंगणात राहत असतील, तर गोचीडताप एकाला होऊन थांबेल याची खात्री नसते. गावाला जाताना बोर्डिंगवाले प्रत्येक कुत्र्याचे वेगळे पैसे घेतात. रेल्वेने सोबत न्यायचे, तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर कुत्रे गार्डच्या डब्यातल्या पेटीत जाते. चौघांना घेऊन आगगाडीने कोकणात जाणारे कुटुंब मी अजून पाहिलेले नाही. थोडक्यात, तुमची गाडी किती मोठी आहे, हाही निर्णयाचा भाग आहे.

लातूरकर

आमच्या शेतावर कारवानी कुत्र्यांची परंपरा आजोबांपासूनची आहे. चार-पाच कुत्री कायम असतात आणि नवे आणताना आम्ही कधी एवढा विचार केलेला नाही. नवे पिल्लू आले, की जुनी कुत्री त्याला हुंगतात, एकदा दाबतात, ते उताणे पडते आणि विषय संपतो. शहरातली माणसे मध्ये फार पडतात, त्यामुळे कुत्र्यांना आपापसांत ठरवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लाली लहान आहे, ती दबून राहील. आणावी.

अनुराधा_नाशिक

लातूरकर, तुमच्या शेतावर हे खरे असेल, पण माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे आणि मृण्मयी यांच्या घराशी तो फार जुळतो, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्याकडे राणी नावाची कुत्री होती आणि तिच्या पाचव्या वर्षी आम्ही मिठू नावाची दुसरी कुत्री आणली. मिठू तेव्हा साधारण लालीच्याच वयाची होती. सुरुवातीला तिने कसलीच कुरबुर केली नाही. राणी आली की ती बाजूला सरकायची, राणीचे जेवण होईपर्यंत कोपऱ्यात बसायची. घरी येणारा प्रत्येक जण कौतुक करत असे. पहिले भांडण झाले ते मिठू पावणेदोन-दोन वर्षांची झाल्यावर, आणि ते ना जेवणावरून झाले, ना खेळण्यावरून. दाराची घंटा वाजली, दोघी एकदम धावल्या, स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधल्या अरुंद दारात दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले. एक क्षण दोघीही हलल्या नाहीत. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही, फक्त मिठूच्या डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसले. पुढच्या क्षणी राणीचा कान मिठूच्या तोंडात होता. कानाला रक्त फार येते आणि कुत्रे डोके झटकत राहते, त्यामुळे छतापर्यंत शिंतोडे उडाले होते.

त्यानंतर दोघींनी एकत्र राहणे कधीच मनापासून स्वीकारले नाही. आम्ही घरात मधोमध फाटक बसवले. एक पुढे असली, की दुसरी मागे. कोणी पाहुणा आला तर आधी विचारायचे, 'कोणती बाहेर आहे?' राणी जाईपर्यंत हे असेच चालले. मिठूला दुसरे घर द्यावे का, यावर आमच्या नवरा-बायकोत जेवढी भांडणे झाली तेवढी त्या दोघींतही झाली नसतील.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की लालीच्या आजच्या स्वभावावरून काहीही ठरवू नये. आज ती दबून राहील याबद्दल मला शंका नाही. प्रश्न ती मोठी झाल्यानंतरचा आहे, आणि तेव्हा समोर ढमी असेल.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य असून अर्धे आयुष्य गायी-म्हशींत गेले, आता मात्र दवाखान्यात कुत्रीच अधिक येतात. अनुराधाताईंनी सांगितलेला कालक्रम अपवादात्मक नाही. कुत्रे शरीराने वर्षभरात वाढते, पण स्वभावाने प्रौढ होण्याचा काळ साधारण दीड ते तीन वर्षांचा असतो, आणि घरातल्या कुत्र्यांमधली गंभीर भांडणे पुष्कळदा याच काळात सुरू होतात. एकाच लिंगाच्या कुत्र्यांत ती अधिक दिसतात, आणि त्यातही दोन माद्यांमधली भांडणे मिटवायला सर्वांत अवघड असतात. नसबंदी आवश्यकच आहे, पण तिने हा प्रश्न सुटतो असे समजू नये.

लातूरकर यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. शेतावर हरणाऱ्या कुत्र्याला पन्नास फूट लांब जाऊन बसता येते. तिथे भांडण मिटते ते दबल्यामुळे जितके, तितकेच निघून जायला जागा असल्यामुळे. रो-हाऊसच्या बोळात मागे सरायला भिंत असते.

आता निर्णय 'आणावी' असा झाला तर काय करावे, ते सांगतो. लाली साइटवर वाढली आहे, तेव्हा पहिले दोन आठवडे तिला इतर कुत्र्यांपासून पूर्ण वेगळे ठेवावे. भांडी, अंथरूण, फिरण्याची वेळ, सगळे वेगळे. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार अंगात असूनही सुरुवातीचे काही दिवस बाहेर दिसत नाही. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाइलने मरेलच असे नाही. पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते. लगेच जंताचे आणि गोचिडीचे औषध द्यावे, रेबीजची आणि इतर लसी सुरू कराव्यात, रक्त तपासून घ्यावे; गोचीडतापात प्लेटलेट्स घसरतात आणि कुत्रे वरवर धडधाकट दिसू शकते. या वयाची मोकळी फिरणारी मादी माजावर येऊन गेलेली असू शकते, त्यामुळे ती गाभण नाही ना, हेही आधी पाहावे. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. हे तपासले नाही, तर तुमचा 'चौथी आणावी का' हा धागा 'नववीपर्यंत आणाव्यात का' असा वाचावा लागेल.

खडूस_काका

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन. एवढेच अनुमोदन मी देणार आहे.

मध्यमवर्गी

एक व्यवहाराची बाजू राहिली आहे. गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे त्या बाजूने घाबरू नये. मात्र परवाना घेताना तो प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात, तेव्हा तुमच्या नगरपरिषदेत आधी विचारून घ्यावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की 'जमले नाही तर परत गल्लीत सोडू' हा विचार मनात असेल, तर तो काढून टाकावा. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी जो आदेश दिला, त्यात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेणाऱ्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी टाकलेली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, वर्षभर घरात झोपलेल्या कुत्रीला पुन्हा रस्त्यावर स्वतःची जागा मिळत नाही. तिथली कुत्री तिला घेत नाहीत.

पाहुणा_बर्लिनहून

इथे आमच्याकडे हा निर्णय सरकार थोडा सोपा करते. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचा वार्षिक कर १२० युरो आहे आणि दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकी १८० युरो. म्हणजे कुत्री वाढवली तर सवलत नाही, उलट दर चढतो. माझी बायको सांगलीची असून तिला पहिल्यांदा हे कळले तेव्हा तिने विचारले, 'दुसरे कुत्रे जास्त भुंकते का?' आमच्याकडे दोन आहेत. तिसऱ्याचा विषय निघाला तेव्हा कर आड आला नाही. आड आली ती दोघांची सुट्टी. आमच्या ओळखीतले एक कुत्रे सांभाळायला दहा जण तयार होतात, दोन कुत्री म्हटले की दोघे-तिघेच उरतात, आणि तीन म्हटल्यावर फोन उचलला जात नाही. मृण्मयीताई, तुम्हा दोघांना एकाच वेळी दोन दिवस बाहेर जावे लागले, तर चौघांचे कोण पाहील? त्या व्यक्तीला आधी विचारा.

जुन्नरचा_शेतकरी

पाहुण्यांना कराची चिंता, आम्हाला बिबट्याची. आमच्या भागात कुत्री किती ठेवायची, याचे उत्तर रात्री घरात किती झोपू शकतात यावर ठरते. बाहेर बांधलेले कुत्रे बिबट्या नेतो, हे इकडे पोराबाळांनाही ठाऊक आहे. म्हणून आमचे दोनच आहेत आणि दोन्ही रात्री पडवीच्या आत, दार लावून. तुमच्याकडे बिबट्या नसेल, पण रात्री चौघे कुठे झोपणार याचा नकाशा डोळ्यांपुढे आणून पाहा. दिवसा सगळे जमते, अडचण रात्री होते.

लातूरकर

डॉक्टरांचे म्हणणे पटले. जागेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कारण आमच्याकडे जागा हा विषयच नसतो. तरीही एक प्रश्न राहतो: सगळे इतके धोक्याचे असेल, तर सावलीताईंच्या घरात पाच कशी नांदतात?

सावली

नांदतात, कारण पाचांपैकी चार नर आहेत आणि मादी एकच आहे. शिवाय माझी शेवटची दोन कुत्री आली तेव्हा आधीची तिन्ही तरुण होती. घरात दुखणे असलेले म्हातारे कोणी नव्हते. अनुराधा यांचा अनुभव वाचल्यावर माझे पहिले मत मी थोडे मागे घेते. 'आणा' असे मी अजूनही म्हणेन, पण ते लाली नर असती तर अधिक जोराने म्हटले असते.

शिवाय शेरीविषयी कोणी बोललेले नाही, त्याचे आश्चर्य वाटते. आठ-नऊ महिन्यांचे कुत्रे खेळायला बोलावते म्हणजे पुढचे पाय टेकून अंगावर झेप घेते. सांधे दुखणाऱ्या कुत्रीला ती झेप म्हणजे मार. ती गुरगुरेल, आणि गुरगुरण्यावरून तिलाच रागावले जाईल.

गुरांचा_डॉक्टर

सावली यांचा मुद्दा योग्य आहे. म्हातारे कुत्रे अचानक चिडके झाले, तर मी आधी सांधे आणि दात तपासतो. शेरीला दुखण्यावर नियमित औषध चालू आहे का? नसेल, तर चौथीचा निर्णय काहीही होवो, ते आधी सुरू करावे. आणि गुरगुरणे कधीही दाबू नये. गुरगुरणे ही सूचना असते. ती द्यायची बंदी घातली, तर कुत्रे सूचनेशिवाय चावायला शिकते.

हिशेबनीस

मी एक साधा हिशेब मांडतो. तीन कुत्र्यांत जोड्या तीन होतात: शेरी-ढमी, ढमी-बुंदी, शेरी-बुंदी. चौघांत त्या सहा होतात. कुत्रे एक वाढते, पण सांभाळायच्या जोड्या दुप्पट होतात. मृण्मयी यांनी नव्या तीन जोड्यांची नावे लिहून प्रत्येकीपुढे स्वतःच्या मनाचे उत्तर लिहावे, अशी सूचना करतो.

मृण्मयी_तळेगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके नेमके प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते.

शेरीला सांध्यांचे औषध चालू आहे, पण थंडीत ते वाढवावे लागते. आम्ही दोघे बाहेर गेलो, तर शेजारच्या काकू तिघांना खायला घालतात. चौथीविषयी मी त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, 'घालीन गं, पण ढमी मला दारातून आत येऊ देईल का, ते तिलाच विचार.' रात्री शेरी खाली दिवाणखान्यात, ढमी सासूबाईंच्या उंबरठ्यावर आणि बुंदी मुलाच्या खोलीत वर झोपतो. म्हणजे लालीसाठी जागा आहे ती वरचीच. चौघांना एकेकट्याने फिरवणे सकाळी शक्य नाही. दोन जोड्या कराव्या लागतील.

हिशेबनीस यांनी सांगितलेल्या जोड्या मी खरोखर लिहून काढल्या. लाली-बुंदी या जोडीपुढे लिहायला काही नाही, ते दोघे आजच फाटकाच्या जाळीतून एकमेकांना चाटतात. लाली-शेरी या जोडीचा उपाय जिना आणि आमचे लक्ष यांनी होऊ शकतो. लाली-ढमी या जोडीपाशी मात्र पेन थांबले. काल नवऱ्याने लालीला दोरी बांधून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालवले आणि मी ढमीला अलीकडून. डॉक्टरांनी सांगितले नव्हते, पण पूर्वी वाचलेले होते, की पहिली भेट घराबाहेर आणि चालता चालता व्हावी. ढमी भुंकली असती तर मला बरे वाटले असते. ती भुंकली नाही. शेपूट वर, ताठ, तोंड मिटलेले, नजर लालीवरून एकदाही हटली नाही; हातातला खाऊ नाकाशी नेला तरी तिने पाहिला नाही. ढमी खाऊ सोडते, हे मी तिच्या आयुष्यात प्रथमच पाहिले.

अनुराधा_नाशिक

खाऊ न घेणे ही मोठी खूण आहे. मी एवढ्यावरच 'नाही' म्हटले असते.

आणखी एक विचारते, कारण हे कोणी विचारत नाही: सासूबाई काठी घेऊन चालतात आणि ढमी त्यांच्या उंबरठ्यावर झोपते. भांडण झाले तर ते त्या उंबरठ्यावरच होण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि तिथे त्या उभ्या असतील. आमच्याकडे भांडण सोडवताना नवऱ्याने गळपट्ट्याला हात घातला आणि मनगटाला टाके पडले. भांडणात कुत्रे कोणाला चावते आहे हे त्याला कळत नाही.

गुरांचा_डॉक्टर

अगदी बरोबर. भांडणात हात घालू नये. जाड चादर टाकावी, बादलीभर पाणी ओतावे, मध्ये खुर्ची किंवा पाट सरकवावा. आणि चावा लागलाच, तर घरच्या कुत्र्याचा आहे म्हणून सोडून न देता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. ज्या घरात सोडवायला धावणारी व्यक्ती काठी घेऊन चालते, तिथे दोन माद्यांचा प्रयोग करू नये, असे मी माझ्या रुग्णांच्या मालकांना सांगतो.

लातूरकर

आता लालीचे काय, तेही बोला. सगळे ढमीचे वकील झालात.

सावली

लातूरकर यांच्याशी मी सहमत आहे. 'नाही' म्हणणे सोपे, पण साइट रिकामी झाल्यावर ती त्याच फाटकाशी बसलेली असेल. ती माणसांत वाढलेली, तरुण, नरांशी जुळवून घेणारी मादी आहे. एकच नर कुत्रा असलेल्या घरासाठी याहून योग्य कुत्री मिळणार नाही. चौथी होण्यापेक्षा कुणाकडे तरी दुसरी होणे तिच्याही हिताचे आहे. नसबंदी, लसी आणि चांगला फोटो यांसह घर शोधले, तर देशी कुत्र्यांनाही घरे मिळतात. माझ्या पाचांपैकी एकही विकत घेतलेला नाही.

खडूस_काका

फोटोत झोपाळा येऊ देऊ नये. ढमीने पाहिला तर हरकत घेईल.

मृण्मयी_तळेगाव

आज रात्री घरात सर्वांशी बोलले आणि आमचे ठरले. लालीला कायमची चौथी म्हणून आणायचे नाही. मुलगा नाराज आहे. दहावीचे वर्ष असल्याने तिला फिरवायचे काम शेवटी माझ्याचकडे येईल, हे मात्र त्याने स्वतः कबूल केले.

तिला रस्त्यावरही ठेवायचे नाही. वॉचमनचे कुटुंब जाण्याआधी तिची तपासणी करून घेऊ, गाभण नसेल तर नसबंदी करू आणि घर मिळेपर्यंत तिला वरच्या गच्चीला लागून असलेल्या खोलीत ठेवू. शेरी जिना चढत नाही, ढमीसाठी जिन्याच्या पायथ्याशी लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक बसवतो आहोत. बुंदीला डॉक्टर सांगतील तेव्हाच वर सोडू. दरम्यान वडगाव मावळचे एक निवृत्त जोडपे, ज्यांच्याकडे एक नर कुत्रा आहे, तिला पाहायला येणार आहे.

सावली, तुमचे पहिले वाक्य मला सर्वांत जास्त उपयोगी पडले. आज मी बुंदीला एकट्याला फिरवायला नेले, तेव्हा त्याच्या मागच्या पंजात जुना काटा सापडला.

पाहुणा_बर्लिनहून

निर्णय उत्तम आहे. तरीही तात्पुरती ठेवलेली कुत्री जाताना पाहण्याची तयारी घरातल्या प्रत्येकाने ठेवावी, विशेषतः 'आणखी एक पान' म्हणणाऱ्यांनी. आमचे दुसरे कुत्रे आठवड्यापुरतेच आले होते.

खडूस_काका

माझी मांजरेही. यावर पुरवणी प्रश्न विचारू नयेत.

सावली

मला अजूनही वाटते, की वर्षभराने, शेरीचे जे काही होईल त्यानंतर, तुम्ही नर कुत्रा आणावा. तो विषय तेव्हाच्या धाग्यावर काढू.

गुरांचा_डॉक्टर

योजना ठीक आहे. दोन सूचना करतो. नसबंदीनंतर टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १२ दिवस, तिला जिन्यावर उड्या मारू देऊ नका. गच्चीची खोली असेल तर तिला दिवसातून दोन-तीनदा पट्टा लावून गच्चीवरच फिरवा, खाली आणू नका. दुसरे म्हणजे, फाटक कितीही पक्के असले तरी एखाद्या दिवशी कोणी उघडे टाकणारच, म्हणून ढमीला तोंडाच्या जाळीची सवय आजपासून लावा. कापडी पट्टी नको, तिच्यात धाप टाकता येत नाही. टोपलीच्या आकाराची जाळी घ्या, आत पनीरचा तुकडा ठेवा आणि ढमीने स्वतःहून तोंड घालेपर्यंत पट्टा बांधू नका.

मृण्मयी_तळेगाव

जाळी मागवते आहे. माप कसे घ्यायचे?

गुरांचा_डॉक्टर

नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या किंचित खालपर्यंतची लांबी घ्या, आणि तोंडाचा घेर डोळ्यांच्या खाली बोटभर अंतरावर मोजा. घेर मोजताना तोंड मिटलेले असले, तर त्यात धाप टाकण्यापुरती जागा वाढवून धरा. पट्टा कानांच्या मागून जातो. त्याखाली एक बोट सहज सरकले पाहिजे.